कंदील नेऊ नये

धुळवडीनंतरच्या सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास चोपडा तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक गोबरगॅसची टाकी साफ करताना रामदास नावाचा माणूस गुदमरून मेला. तो आणि त्याचा थोरला भाऊ सुकदेव विहिरी उपसण्याचे काम करत. टाकी आदल्या दिवशी उघडून वरवरचा राडा काढलेला होता. रामदास शिडीने तळाशी उतरला. सुकदेव वर बादलीचा दोर धरून उभा होता. दोर बादलीला बांधलेला होता, माणसाला नव्हता. पहिली बादली वर आली, दुसरी भरलीच नाही. सुकदेवने हाक मारली, उत्तर आले नाही म्हणून तोही उतरू लागला. अर्ध्या शिडीवर त्याचे हातपाय गळाले. लोकांनी त्याला काखांत हात घालून बाहेर ओढले. रामदासला बाहेर काढायला पाऊण तास लागला.

मी या बातमीसाठी खानदेशात गेलो नव्हतो. सांडपाणी, मैला आणि शेण यांपासून काय परत मिळवता येते, यावर लेखमाला लिहायचे काम माझ्याकडे होते. त्यासाठी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली चार ठिकाणे ठरली होती. प्रत्यक्षात दोनच पाहून झाली. बाकीचे दिवस कसे गेले ते पुढे लिहिले आहे. मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या इच्छेवरून गावाचे नाव दिलेले नाही.

मंगळवार, जळगाव

पिंप्राळ्यात एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरलो. सकाळी त्यांच्या स्कूटरवरून शहराबाहेरच्या एका वसाहतीची सांडपाण्याची तळी पाहायला गेलो. तळी तीन होती, एकाखाली एक. वसाहतीचे सगळे पाणी पहिल्या तळ्यात येते. तिथे ते काळे असते आणि वास येतो. दुसऱ्यात ते हिरवे होते. तिसऱ्या तळ्यावर बगळे उभे होते. यंत्र कुठेही नाही. शेवाळ दिवसभर उन्हात प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव घाण खातात. मार्चमध्येच सकाळी दहाला डोक्यावर रुमाल घ्यावा लागणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाची टंचाई नाही. तिसऱ्या तळ्याचे पाणी पाटाने खाली जाते. तिथे चाऱ्यासाठी लावलेले गजराज गवत होते.

देखभाल करणारे पर्यवेक्षक पन्नाशीचे होते. पाण्याचा नमुना भरलेली बाटली त्यांनी उन्हात धरून दाखवली आणि विचारले, "इथून पुढे कुठं?"

"चोपड्याकडे. गावचा गॅस प्लँट पाहायचाय. संडास आणि शेण एकत्र घेतात, तो."

"तो बंद आहे. मागच्या आठवड्यात, सोमवारी माणूस गेला तिथं."

"कशानं?"

"आत हवा नव्हती. लोक म्हणतात, कंदील नेला नाही म्हणून."

मला कंदिलाचा संबंध कळला नाही. मी कोकणातला. आमच्या विहिरी उथळ. पाण्याचा तळ वरून दिसतो आणि उतरणारा सरळ उतरतो. इथल्या विहिरी खोल आहेत आणि उन्हाळ्यात आटतात. पर्यवेक्षकांनी सांगितले ते असे: जुन्या, बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी वाईट हवा साचते. म्हणून उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडतात. तो जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. कंदील नसलेल्या माणसाला इकडे कोणी विहिरीचे काम सांगत नाही.

"पण गॅसच्या टाकीत पेटता कंदील?" मी विचारले.

"तेच तर," ते म्हणाले आणि बाटलीला बूच लावले.

बुधवार, गाव

एसटी चोपड्याला पोचेपर्यंत उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागली होती. पुढचे गाव तापीच्या काठापासून थोडे आत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी होती. कापलेल्या बागांतले खांब बांधांवर टाकलेले होते आणि सडत होते. या खांबांचा या हकिगतीशी संबंध आहे.

गॅसची टाकी प्राथमिक शाळेच्या मागे आहे. शेजारी सार्वजनिक संडासांची रांग आणि शेण कालवायचा हौद. जमिनीत विटांचा गोल घुमट बांधलेला असून वर माणूस जाईल एवढे एक तोंड आहे. शेण आणि मैला आत हवेविना कुजतात, गॅस घुमटात जमतो आणि नळीने वीस-बावीस घरांच्या चुलीपर्यंत जातो. उरलेला राडा केळीला खत म्हणून घालतात. सुरुवातीला बायकांनी या गॅसवर नैवेद्याचा स्वयंपाक करायला नकार दिला होता. तडजोड अशी झाली की देवाचे चुलीवर आणि माणसांचे गॅसवर. तसे सहा वर्षे चालले. मी गेलो तेव्हा सगळेच पुन्हा चुलीवर होते. घराघरांच्या ओट्यांवर जळणासाठी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जुड्या रचलेल्या होत्या.

शाळेचे गुरुजी मला टाकीपाशी घेऊन गेले. तोंडावर फळ्या आणि फळ्यांवर दगड ठेवले होते.

"मागच्या साली कोणीतरी म्हणालं, बांधावर केळीचे खांब फुकट चाललेत, तेही टाकीत घालू," गुरुजी म्हणाले. "तुकडे करून घातले. पहिले काही दिवस गॅस वाढला. मग कमी झाला. होळीला चहासुद्धा उकळेना."

केळीच्या खांबात चिवट धागे असतात. ते कुजत नाहीत, वर तरंगतात, एकमेकांत अडकतात आणि वाळून त्यांची जाड साय धरते. टाकी उपसली तेव्हा ही साय तळाला बसली. खाली राडा तसाच होता आणि गॅस सुटत होता. तो सायीखाली कोंडला. रामदास शिडीवरून उतरून तिच्यावर उभा राहिला, तेव्हा ती फुटली. हे सगळे मला धुळ्यात कळले. गुरुजींना ते माहीत नव्हते. रामदासलाही नव्हते.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गुलाबी कागदाचे एक छापील पत्रक चिकटवलेले होते. गॅस योजनेच्या धुळ्याच्या कार्यालयाने ते काढलेले. त्यात पाच सूचना होत्या. मी पाचही उतरवून घेतल्या. पहिल्या चार शेण किती, पाणी किती, नळीतले पाणी कसे काढावे, याबद्दल आहेत. पाचवी अशी: "टाकी साफ करताना टाकीजवळ आग, विडी किंवा कंदील नेऊ नये." टाकीतल्या हवेबद्दल पत्रकात एकही शब्द नव्हता.

"दोघा भावांना वाचता येत नाही. आदल्या दिवशी मीच वाचून दाखवलं," गुरुजी म्हणाले. "पाचवी सूचना दोनदा वाचली. रामदास म्हणाला, गुरुजी, कंदिलाशिवाय मी कधी आत पाय घातला नाही. मी म्हणालो, छापलेलं आहे, बाबा."

त्यांनी पत्रकाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. मग म्हणाले, "हे असंच लिहा."

त्या दिवशी रामदासचा दहावा होता. विधी तापीवर होता. आम्ही पोचलो तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता आणि माणसे वाळूवर बसली होती. सुकदेवचे डोके नुकतेच भादरलेले होते. तो चाळिशीचा असावा. त्याच्यापासून दहा-बारा हात दूर, पाठ करून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते रामदासचे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. ते शेजारच्या गावचे.

आबांनी मला वही काढताना पाहिले.

"तुम्हीन पेपरवाला शेतस का?"

मी हो म्हणालो.

"मंग लिखा. कंदील खुटीले टांगेल व्हता. भरेल व्हता. बठ्ठा गावनी दखं. अनि हाऊ मोठा भाऊ वर उभा, लहाना आत."

सुकदेव वाळूकडे बघत म्हणाला, "मी त्याले उतर म्हनं नही, आबा. तोच म्हने, दादा, तू वर ऱ्हाय, मी उतरस."

"कंदील काब्र नही लयी गयात?"

"कागदवर लिखेल व्हतं."

"कागदवर!" आबा पहिल्यांदाच वळले. "कागदले नाक शे का? वीस वरीस तू कंदील खाले सोडीसन उतरना. एक दिन कागद उना, अनि मनी पोरनं कपाळ पुसाई गयं."

 रामदास गेला त्या दिवशीच आबांनी भावांच्या घरातला कंदील खुंटीवरून काढून नेला होता. जाताना त्यांनी त्यातले रॉकेल, रेशनवरचे, सगळ्यांसमोर अंगणात ओतले. तेव्हा जे म्हणाले होते ते त्यांनी वाळूवर पुन्हा म्हटले: "जवाब लयी ये, मंग कंदील लयी जाय. तेरावाना जेवनना पहिले."

तेरावा शनिवारी होता.

गुरुजींनी मला नंतर याचा अर्थ सांगितला. आबा जोवर कंदील ठेवून घेतील तोवर आसपासच्या गावांत सुकदेवला कोणी विहिरीवर बोलावणार नाही. नवा कंदील घेऊन भागत नाही; जो वर उभा असताना भाऊ मेला, त्याचा दोर कोणी धरत नाही. शिवाय आबा मुलीला आणि नातवंडांना तेराव्यालाच माहेरी नेणार होते.

परतताना रामदासची बायको कमल माझ्याजवळ थांबली. पदर कपाळावर ओढलेला होता. तिने एकच विचारले.

"भाऊ, कंदील ऱ्हाता ते तो वाचता का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरे होते.

संध्याकाळी गुरुजींकडे जेवलो. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चे तेल. त्यांच्या ओट्यावर गॅसची शेगडी पुसून उलटी ठेवलेली होती. जेवण चालू असताना सुकदेव दारात आला. आत आला नाही.

"तुम्हीन धुळे जाई राह्यनात ना? तो कागद ज्यानी लिखा त्यानाकडे?"

"हो. उद्या."

"माले लयी चाला."

गुरुवार, धुळे

सुकदेवने बरोबर दुसरे काहीच घेतले नव्हते; फक्त दोराचे वेटोळे होते. कंडक्टरने ते टपावर टाकायला लावले. अमळनेरला गाडी बदलताना आम्ही उतरलो आणि दोर वर राहिला. गाडी मागे येऊ लागली तेव्हा सुकदेवच्या लक्षात आले. तो चालत्या गाडीच्या मागच्या शिडीवर चढला. ड्रायव्हरने त्याला शिव्या दिल्या. सुकदेवने दोर खांद्यावर घेतला आणि धुळ्यापर्यंत मांडीवर ठेवला. "दोर शे ते मानूस शे," एवढेच तो त्या प्रवासात बोलला.

धुळ्याच्या स्टँडवर रिक्षावाले ओरडत होते, "पाच कंदील! पाच कंदील!" सुकदेव थबकला. ते इथल्या एका चौकाचे नाव आहे, असे मी त्याला सांगितले. आम्हाला तिथेच जायचे होते.

योजनेचे कार्यालय चौकाच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होते. अभियंता वाणी मूळचे धुळ्याचेच. पस्तिशीचे, चष्मा, बाहीवर शाईचा डाग. गावाचे नाव ऐकल्यावर ते उभे राहिले. अपघाताचा कागद त्यांच्याकडे आला होता. त्यात "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असे शब्द होते. ते कोणी लिहिले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

सुकदेवने खुर्ची घेतली नाही. तो म्हणाला, "साहेब, एकच सांगा. कंदील खरा का कागद खरा?"

 वाणींनी टाकी किती दिवस उघडी होती, साय किती जाड होती, रामदासचा पाय आत गेला होता का, असे सगळे विचारून घेतले. मग म्हणाले, "कंदील उतरवला असता तर भडका उडाला असता. तो भाजून गेला असता. वर वाकून बघणारेही. तुम्हीपण."

"म्हनजे कागद खरा."

"कागद अर्धा," वाणी म्हणाले.

त्यांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तिका काढली. टाकी साफ करण्याचे पान उघडले. त्या पानावर सहा वाक्ये होती. त्यांनी ती एकेक मराठीत सांगितली. तोंड उघडून ठेवावे. वरची साय लांब काठीने बाहेरूनच फोडावी. पंख्याने आत हवा भरावी. मग टोपलीत कोंबडी किंवा दुसरा लहान प्राणी खाली सोडावा. तो जिवंत वर आला तरच माणसाने उतरावे, तेही कमरेला दोर बांधून. सहावे वाक्य आगीबद्दल होते.

"पत्रक एका बाजूला बसवायचं होतं," ते म्हणाले. "छापखान्यानं सांगितलं, पाच ओळी जास्त होतात. मला वाटलं, विहिरीत उतरणाऱ्यांना हवेचं काय सांगायचं, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. कंदील तेवढा थांबवला पाहिजे. म्हणून शेवटचं वाक्य ठेवलं. बाकीची पाच मी काढली."

रस्त्यावरून कोणी कुल्फी विकत जात होते. सुकदेवने पुस्तिकेच्या त्या पानावर बोट ठेवले. मग तो म्हणाला, "हाई लिखी द्या."

वाणींनी त्याच गुलाबी पत्रकाच्या कोऱ्या मागच्या बाजूला लिहायला घेतले. लिहून झाल्यावर सुकदेवने कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला. सहाही सूचना नीट लिहिल्या होत्या. खाली लिहिले होते: "कंदील न नेणे योग्य होते. झालेल्या दुर्घटनेत दोष कोणाचाही नाही."

"शेवटलं परत वाचा," सुकदेव म्हणाला.

मी वाचले.

"साहेब, हाई चालावं नही. कोन्हाच दोष नही म्हनजे मनाबी थोडा शे, असं आबा म्हनी. मी आबाले वळखस."

वाणींनी कागद परत घेतला. ते वाक्य त्यांनी एका रेघेने खोडले. ते वाचता येईल असेच खोडले. त्याखाली लिहिले: "हवेबद्दलच्या पाच सूचना मूळ पुस्तकात होत्या. त्या मी गाळल्या." खाली नाव, हुद्दा आणि सही. मग त्यांनी कार्यालयाचा शिक्का शोधला, हातात धरला आणि न मारता परत ठेवला. "शिक्क्याला वरून परवानगी लागेल," ते म्हणाले. "सही माझी आहे."

सुकदेवने कागदाची घडी करून टोपीच्या आत ठेवली.

आम्ही निघणार तेवढ्यात वाणींनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. पांझरेच्या काठच्या एका गावात याच बांधणीची टाकी उद्या सकाळी साफ होणार होती. माणसे शिरपूरकडची होती. झाकण आज उघडलेले असणार.

"त्यास्नाकडे कोनता कागद शे?" सुकदेवने विचारले.

"हाच."

वाणींनी चिठ्ठी लिहिली: मी येईपर्यंत कोणीही आत उतरू नये. ती घेऊन शिपाई चारच्या गाडीने गेला. सुकदेवला त्या संध्याकाळी परतीची गाडी होती. तो गेला नाही.

शुक्रवार, पांझरेकाठचे गाव

जीपने आम्ही साडेसातला पोचलो. चिठ्ठी पोचली होती. तीन माणसे टाकीच्या तोंडाशी बसून होती, विड्या कानावर ठेवलेल्या. सरपंच नाना म्हणाले, "ह्या पहाटपासून वाट दखी राह्यनात. आते जल्दी करा, साहेब. ऊन व्हयी जाई."

वाणींनी त्यांना सहा सूचना वाचून दाखवल्या. कोंबडीचे नाव निघाल्यावर लोक हसले.

"मानसं उतरतीन का कोंबडी?" तिघांपैकी एकाने विचारले.

"पहिले कोंबडी. मंग ती सांगी तसं," सुकदेव म्हणाला. त्या गावात तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याचे भादरलेले डोके पाहून कोणीतरी विचारले आणि त्याने सांगितले. त्यानंतर कोणी हसले नाही.

कोंबडी शेजारच्या घरच्या अक्कांची होती. "अंडावर शे ती," अक्का म्हणाल्या, "दुसरी ल्या ना." दुसरी हाताशी लागत नव्हती. नानांनी दुसरी कोंबडी द्यायचे कबूल केल्यावर अक्कांनी ती स्वतः टोपलीत ठेवली आणि टोपलीवर जाळी बांधली. लांब बांबूने साय चार ठिकाणी फोडण्यात आली. आतून कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि काही वेळाने येईनासा झाला. वाणी म्हणाले, वास गेला नाही, नाक बधिर झाले. मग सुकदेवच्या दोराने टोपली खाली सोडली.

वाणींनी घड्याळ धरले. कोंबडी आधी ओरडत होती. दोन मिनिटांच्या आत आवाज थांबला. टोपली वर ओढली. मान जाळीवर पडलेली होती. पाणी मारले. उपयोग झाला नाही.

शिरपूरकडचे तिघेही टाकीच्या कडेवरून उठले आणि लांब जाऊन बसले. त्यातल्या वयाने मोठ्या माणसाने कानावरची विडी काढून हातात चुरडली.

हवा भरायला वाणींकडे यंत्र नव्हते. गावात गव्हाची उफणणी चालू होती. नानांनी खळ्यावरून हाताने फिरवायचा उफणणी पंखा मागवला. खताच्या प्लॅस्टिक गोण्या फाडून, सुतळीने शिवून एक लांब नळा केला. त्याचे एक तोंड पंख्याला बांधले, दुसरे टाकीच्या तळापर्यंत सोडले. शिवणकाम अक्कांनी आणि त्यांच्या सुनेने केले. पंखा फिरवायला माणसे आळीपाळीने लागली. दोन तास फिरवला. मधल्या वेळात नानांनी सगळ्यांना शेव आणि ताक दिले. ज्यांच्या घरची कोंबडी मेली त्या अक्कांनी ताक घेतले नाही.

साडेदहाला दुसरी कोंबडी सोडली. ती नानांची होती. दहा मिनिटे ठेवली. दहाही मिनिटे ती ओरडत होती. वर आल्यावर जाळी सोडताच ती गोठ्याकडे पळाली.

"आते उतरा," नाना तिघांना म्हणाले.

तिघांपैकी कोणी उठले नाही.

सुकदेव उठला. त्याने टोपी काढून माझ्याकडे दिली. कागद आत होता. दोर कमरेला आणि खांद्यांखालून बांधला आणि टोक त्या मोठ्या माणसाच्या हातात दिले. "पंखा थांबाडू नका," तो म्हणाला. "मी बोलत ऱ्हास. बोलनं थांबनं ते ओढा. ईचारू नका."

तो शिडीने उतरला. खाली तो सतत बोलत होता. बहुतेक शब्द घुमटात घुमत असल्यामुळे कळत नव्हते. काय बोलतो ते कळावे म्हणून मी वाकलो, तेव्हा वाणींनी मला मागे ओढले. मी जे ऐकले ते असे: तो शिडीच्या पायऱ्या मोजत होता, आणि तळाला पोचल्यावर त्याने मोजणे पुन्हा एकपासून सुरू केले. बादलीच्या वेगळ्या दोराने चौदा बादल्या वर आल्या. मग तो शिडी चढून आला. आत तो अकरा मिनिटे होता.

त्यानंतर तिघे एकेक करून त्याच दोराने उतरले. दुपारी टाकी साफ झाली.

सुकदेवने दोर धुऊन वाळत घातला. माझ्याकडून टोपी घेतली, कागद आहे ना ते हाताने पाहिले आणि साडेतीनच्या गाडीने गेला. मी संध्याकाळच्या गाडीने निघालो.

परतल्यावर

उरलेली दोन ठिकाणे पाहायची राहून गेली. वाणींचे पत्र आठवड्याने आले. सुधारित पत्रक मंजुरीसाठी वर पाठवले आहे, ते दोन पानी आहे, असे त्यात होते. त्यांची बदली झाल्याचेही होते. नवे पत्रक छापले गेल्याची खात्री हे लिहीपर्यंत मला करता आलेली नाही. भिंतीवरच्या गुलाबी कागदावर, पाचव्या सूचनेच्या खाली, गुरुजींनी उरलेल्या पाच सूचना शाईने लिहिल्या आहेत. पांझरेकाठच्या गावाची टाकी चालू आहे. चोपडा तालुक्यातली बंद आहे.

गुरुजींचे कार्ड त्यानंतर दोन दिवसांनी आले. तेराव्याला जेवणाआधी सुकदेवने कागद आबांपुढे ठेवला. आबांनाही वाचता येत नाही. त्यांनी तो गुरुजींना सगळ्यांसमोर वाचायला सांगितला. खोडलेले वाक्यही वाचायला लावले. मग कमलला जवळ बोलावून त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिला त्या दिवशी माहेरी नेले नाही. आबा एकटे गावी गेले आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा आले. कंदील सुकदेवच्या घरच्या खुंटीला त्यांनी स्वतः अडकवला.

तो रॉकेलने भरलेला होता.